निळ्या उजेडातली डाळिंबी साडी

माझा मेहुणा गोपाल नोकरीसाठी ओमानला गेला आणि जाताना समुद्र आमच्या घरात ठेवून गेला.

समुद्र म्हणजे काचेची टाकी. टाकीत मासे असतात एवढं ज्ञान मलाही होतं. पण गोपालच्या टाकीत मासे केवळ तोंडी लावायला होते. मुख्य मंडळी होती प्रवाळ. प्रवाळ म्हणजे अंगठीत घालतात ते पोवळं, अशी माझी समजूत असल्यामुळे मी म्हणालो, "ज्याला मंगळ आहे त्याने सांभाळावं." गोपाल समजूतदारपणे हसला. समजूतदारपणे हसणारा मेहुणा हा नात्यातला सर्वांत असह्य प्रकार आहे. त्याने समजावलं की ही मऊ जातीची प्रवाळं, जिवंत असतात, फुलासारखी उघडतात, मिटतात, उजेड खाऊन जगतात. कडक जातीच्यांना कायद्याने बंदी आहे, ही तसली नाहीत. मी टाकीत पाहिलं. दगडांना चिकटलेली मांसल बोटं, झुबके आणि बटणं. आमच्या सुरतेत गोडादऱ्याच्या भाजीबाजारात असलं काही दिसलं असतं, तर बायकांनी भाजीवाल्याला झापलं असतं.

"दाजी, तुम्हाला काही करायचं नाही," गोपाल म्हणाला. "फक्त दिवा."

तो दिवा गोपालच्या अडाजणच्या घरून आमच्याकडे येताना टेम्पोत मिठाच्या गोणीखाली आला आणि चपटा झाला. समुद्र घरी बनवायचा तर मीठही गोणीने लागतं, हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे नवा दिवा घेणं आलं, आणि त्याचे रंग ठरवणंही आलं.

इथे माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. मी शालिग्राम बोरसे, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर आहे. पार्टी कापडाचा चिंधीएवढा तुकडा आणून देते, "हाच रंग पाहिजे" म्हणते, आणि तो रंग हजारो मीटर कापडावर हुबेहूब उतरवणं माझ्या डोळ्यावर अवलंबून असतं. आमच्या लॅबमध्ये एक पेटी आहे. तिच्यात एकच कापड दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली धरून पाहतात. उजेड बदलला की रंग बदलतो. हे सत्य पांडेसऱ्यात मी जितक्यांना सांगितलं असेल तितक्यांना कुणी नमस्कारही केला नसेल. अशा माणसाला रंगाबद्दल सल्ला द्यायचा म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवण्यासारखं आहे. पण गोपालने ओमानला पोचल्या पोचल्या मेसेज टाकलाच: "निळा भरपूर, जांभळा थोडा, पांढरा अगदी कमी. लाल-हिरवा जवळजवळ बंद."

निळा भरपूर! निळ्या दिव्याखाली रंग पाहणं म्हणजे रंगाचा खून आहे. मी तसा उलट मेसेज टाकणार होतो, पण माझी बायको उषा मोबाइलवर वाकून उभी होती.

"मन्हा भाऊनी टाकी शे ती," ती म्हणाली. संतापली की ती अहिराणीत शिरते आणि थेट माहेरी अमळनेरला पोचते. "तो सांगी तसंच करा."

मी तसं केलं नाही. भागळच्या बाजूच्या शोभेच्या माशांच्या एका दुकानातून मी नवा एलईडी दिवा आणला. त्यात प्रत्येक रंग मोबाइलवरून कमीजास्त करता येत होता. मी पांढरा पूर्ण खोलला, आणि समतोल राहावा म्हणून लाल-हिरवा चवीपुरता घातला. टाकीत असा उजेड पडला की दगडावरचा कणन् कण मोजून घ्यावा. याला म्हणतात खरा रंग! मी धनश्रीला हाक मारली. धनश्री माझी एकुलती मुलगी, एका वकिलाच्या ऑफिसात काम करते. ती टाकीपाशी वाकली आणि म्हणाली, "पप्पा, ऑपरेशन थिएटर वाटतंय."

हळूहळू प्रवाळं मिटू लागली. बोटं आखडली, झुबके दगडात घुसले. काचेवर तपकिरी बुळबुळीत शेवाळ चढलं. मला आत्मविश्वास होता की ती नव्या घराला सरावत आहेत. मीही सासुरवाडीला गेलो की पहिले काही दिवस असाच मिटून बसतो.

आमच्या सोसायटीत एखाद्याच्या घरी काही बिघडलंय याचा वास कसा पसरतो, यावर कुणीतरी संशोधन करायला हवं. समोरच्या चंचलबेन वाटीभर उंधियो घेऊन आल्या, म्हणजे पाहणीला आल्या.

"अरे बोरसेभाई, लाल लाइट राखो," त्या म्हणाल्या. "माताजीना मंदिरमां केवो होय छे! गरमी मिलेगी बेचारे को."

खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले की हिरवा लावा, हिरवा डोळ्यांना थंड असतो. कुणाच्या डोळ्यांना, हे त्यांनी सांगितलं नाही. प्रवाळांना डोळे नसतात, हे मीही त्यांना सांगितलं नाही, कारण मग ते बसले असते. वास्तुशास्त्रातला एक जाणकार जिन्यातच भेटला आणि आग्नेयेला पाणी ठेवल्याबद्दल माझ्याकडे दयेने पाहून गेला. डासांच्या खात्याचा माणूस आला तो सरळ टाकीपाशी. साठलेलं पाणी दिसलं की आपल्या शहरात हा माणूस भिंतीतून उगवतो.

"हे खारं पाणी आहे," मी म्हणालो.

"मच्छरला चालतं," तो म्हणाला, आणि बॅटरी मारून प्रवाळांमध्ये अळ्या शोधू लागला. एक बारीक मासा पाहून तो बराच वेळ विचारात पडला. मग "हे खातात का मच्छर?" असं आशेने विचारून गेला. त्या दिवसापासून तो रस्त्यात दिसला की मीच गल्ली बदलतो.

अखेर उषाने व्हिडिओ कॉल लावून टाकी भावाला दाखवली. गोपालने नुसता चष्मा काढला आणि पुसला. बोलला असता तर मी चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पुसलेल्या चष्म्याला काय उत्तर देणार? उषाने माझ्या हातातून मोबाइल घेतला, भावाने सांगितले तसे रंग लावले, ॲप स्वतःच्या फोनमध्ये घेतलं आणि त्याला पासवर्ड घातला. पांडेसऱ्यातला कलर मास्टर आपल्याच बैठकीत रंगांना बंदी झालेला माणूस म्हणून वावरू लागला.

आता आमची खिडकी संध्याकाळ झाली की निळीजांभळी चमकू लागली. रस्त्यावरून जाणारे माना वर करत. चंचलबेन दारातूनच ओरडल्या, "केम बोरसेभाई, बियर बार खोल्यो के शुं?" त्यांना तो विनोद वाटला असेल. पण दारूबंदी असलेल्या राज्यात हा विनोद जिना उतरता उतरता बातमी होतो. दोन अनोळखी माणसं एका संध्याकाळी आमची बेल वाजवून अदबीने "बैठने की व्यवस्था है क्या?" असं विचारून गेली. मी सात्त्विक संतापाने दार आपटलं. उषा म्हणाली, "एवढ्या जोरात आपटू नका, पाणी हिंदकळतं."

सोसायटीच्या सेक्रेटरीने व्हॉट्सअॅप ग्रुपवर "काही सभासदांची रंगीत रोषणाई" असा मोघम मजकूर टाकला. त्याखाली सर्वांनी नमस्काराचे हात टाकले. काही सभासद म्हणजे मी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. माझ्या सहनशीलतेचा अंत व्हायला नको म्हणून मीही हात टाकले. पुढे सेक्रेटरीच्या डोक्यात असं शिरलं की एवढा समुद्र चालतो म्हणजे वीज नक्कीच जिन्याच्या मीटरवरून चोरलेली असणार. त्याने तपासायला इलेक्ट्रिशियन बोलावला. तो आला नेमका धनश्रीला बघायला पाहुणे यायच्या संध्याकाळी.

पाहुणे नंदुरबारचे. मुलगा ललित सरकारी दवाखान्यात औषधं देतो. फोटो, पत्रिका, फोनवरची बोलणी झाली होती. धनश्री आणि ललित एकदा सुरत स्टेशनबाहेरच्या हॉटेलात भेटलेही होते, म्हणजे त्यांचं जवळजवळ ठरलं होतं. राहिलं होतं वडीलधाऱ्यांचं कुंकू लावणं आणि सुपारी फोडणं. आणि वडीलधाऱ्यांमध्ये एकच माणूस मोजायचा होता: मुलाची आत्या, सुभद्राबाई. मुलाचे वडील भिकनराव स्वभावाने गरीब. आई रंजनाताई कडक, पण तीही नणंदेकडे पाहिल्याशिवाय चहाचा कप उचलत नाही. उषाने मला बजावलं होतं की आत्याबाई खूश तर सगळं खूश. म्हणून आत्याबाईंच्या मानाची साडी मी स्वतः तयार करवली होती. डाळिंबी. पिकून फुटलेल्या डाळिंबाच्या आतला दाणा असतो ना, तोच. तो रंग सापडेपर्यंत मी लॅबमधल्या पोरांचं जेवण हराम केलं होतं.

पाहुणे आले, पाणी झालं, पोहे झाले. धनश्री येऊन बसली. ललित टाकीकडे बघत होता आणि टाकी चुकवून धनश्रीकडे. भिकनराव "वा, वा" म्हणत होते. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या सुभद्राबाई घरातली प्रत्येक वस्तू नव्या डोळ्यांनी तपासत होत्या. रंजनाताईंनी धनश्रीला कुंकू लावलं. आता आम्ही साडी द्यायची. उषाने ताट पुढे केलं आणि नेमक्या त्याच क्षणी खाली जिन्यात फाट् आवाज झाला. अख्खी इमारत काळोखात गेली. इलेक्ट्रिशियनने चोरी शोधता शोधता केबल जाळली होती.

आमच्या घरात इन्व्हर्टर नाही. सुरतेत लाइट जात नाही, हे आम्ही गावाकडच्यांना वर्षानुवर्षं मान ताठ करून सांगत आलोय. इन्व्हर्टर होता तो गोपालच्या समुद्राला. पाणी फिरतं राहिलं नाही तर प्रवाळं मरतात म्हणून त्याने तो टाकीसोबतच पाठवला होता. त्यामुळे अख्ख्या घरात एकच गोष्ट लखलखत होती, आणि तिने सगळ्यांना निळंजांभळं करून टाकलं. भिकनरावांचा पांढरा सदरा भुतासारखा पेटला. ललितचे दात चमकू लागले. धनश्रीच्या ओढणीवरच्या टिकल्या उडायला निघाल्यासारख्या दिसू लागल्या.

सुभद्राबाईंनी साडी उलगडली.

"हाई काय दिधी व माय मले?" त्या म्हणाल्या. "काळी साडी?"

टाकीचा पंप तेवढा गुळगुळ करत होता.

"आत्या, डाळिंबी आहे ती," उषा घाईने म्हणाली. "लाल."

"मन्हा डोया नवा शेतस. काळं ते काळं. सवासनीले काळी साडी देतस का कोनी?"

आता कोणत्याही शहाण्या माणसाने हात जोडले असते, 'लाइट येऊ द्या' म्हटलं असतं. पण साडीचा रंग माझा होता. मी उभा राहिलो. मी म्हणालो की आत्याबाई, निळ्या उजेडात लाल रंगाला परत फेकायला काही मिळतच नाही, म्हणून तो काळा दिसतो. यात साडीचा दोष नाही, उजेडाचा आहे.

ललितने मदत म्हणून मोबाइलची बॅटरी मारली. साडी त्या झोतात लाल झाली. झोत सरकला, काळी झाली.

"म्हणजे रंग बदलते?" रंजनाताई म्हणाल्या. "तुमच्या मिलचा माल असाच असतो का?"

मिलचं नाव निघालं आणि माझा तोल गेला. "ताई, साडीचं काय घेऊन बसलात!" मी म्हणालो. "या उजेडात तुमच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा काळं दिसतंय!"

शास्त्रीयदृष्ट्या हे वाक्य निर्दोष होतं. रंजनाताईंचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला. सुभद्राबाईंनी भावजयीच्या कपाळाकडे पाहिलं आणि "देवा!" असं म्हणून डोळे मिटले. नवेच्या नवे डोळे. उषा माझ्याकडे बघत होती. ती कोणत्या उजेडात बघत होती ते मला सांगता येणार नाही, पण त्यात मीही काळाच दिसत असणार. भिकनराव उठले. "निघू या का?" ते हळूच म्हणाले. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझ्या तोंडाला कुणीतरी पासवर्ड घालायला हवा होता.

तेवढ्यात कुणीतरी खुदकन हसलं. धनश्री. तिने ओढणी तोंडावर धरली, पण आवरलं नाही. ललितने तिच्याकडे पाहिलं आणि तोही हसला. त्या अंधारात त्याचे दातच दात. त्या दातांकडे पाहून ती आणखी हसली. मी तिला दटावणार, तोच ती उठली, सुभद्राबाईंपाशी गेली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "आत्या, खाली रस्त्यावर दिवा आहे. आपण तिथे बघू. काळी निघाली तर मी स्वतः तुमच्यासोबत नंदुरबारला येऊन तुमच्या आवडीची घेऊन देईन."

सुभद्राबाईंनी एक डोळा उघडला. "आनि लाल निघनी तर?"

"तर पप्पांना माफ करा. ते घरातही असेच बोलतात."

हे आमचं एकुलतं अपत्य! पण आत्याबाई उठल्या. साडी घेऊन त्या पुढे, मागे रंजनाताई कपाळावर हात ठेवून, मग भिकनराव, उषा, आणि सर्वांत शेवटी अपराधी कलर मास्टर. अंधाऱ्या जिन्यात सेक्रेटरी आणि इलेक्ट्रिशियन एकमेकांना दोष देत होते. चंचलबेन आमच्यामागे उतरल्या. पाठोपाठ मास्तर, वास्तुवाला, घरात उकडत असलेली सगळी सोसायटी. रस्त्याच्या पांढऱ्या दिव्याखाली साडी उलगडली आणि ती होती तशी झाली: डाळिंबी. फुटलेल्या डाळिंबाचा दाणा. मी समाधानाने सभोवार पाहिलं.

"रानी कलर छे," चंचलबेन म्हणाल्या.

"मरून," मास्तर म्हणाले.

"कुंकवाचा रंग आहे सरळ सरळ," वास्तुवाला म्हणाला. "शुभ आहे."

कुणीतरी चॉकलेटी म्हणालं. त्या इसमाचं नाव मी मनात नोंदवून ठेवलं आहे. इलेक्ट्रिशियननेही आपलं मत दिलं. मला, ज्याने तो रंग घडवला त्याला, कुणी विचारलं नाही. मी घसा खाकरून "डाळिंबी" असं म्हणालो, तर सेक्रेटरी म्हणाला, "बोरसेभाई, तुम्ही जरा शांत बसा ना." चंचलबेननी साडीचा पदर सुभद्राबाईंच्या खांद्यावर टाकला आणि मागे सरकून म्हणाल्या, "केटलां सरस लागो छो, बा!" बाकीच्या बायकांनी री ओढली. इतक्या लोकांनी एका वेळी आपल्याकडे पाहावं, असं बहुधा आत्याबाईंच्या आयुष्यात पूर्वी घडलं नव्हतं. त्या जरा वळल्या, पदर सारखा केला, पुन्हा वळल्या.

"रानीच शे," त्या ठामपणे म्हणाल्या. "मी पहिलेच सांगेल होतं."

रंजनाताईंनी कपाळावरचा हात काढला. उषाने पर्समधली डबी काढून त्यांना तिथेच, भर रस्त्यात, दिव्याखाली नवं कुंकू लावलं. ते लाल होतं. मी तोंडातून शब्द काढला नाही.

वर आलो तर घर अजून अंधारात होतं आणि दार उघडं. आतून बोलण्याचा आवाज येत होता. धनश्री आणि ललित वरच राहिले होते, हे एवढ्या गर्दीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोघं टाकीसमोर जमिनीवर बसली होती.

"आई, ये ना, बघ," धनश्री हळू आवाजात म्हणाली.

प्रवाळं उघडली होती. सगळी बोटं बाहेर आली होती आणि पाण्यात डुलत होती. झुबके फुलले होते. जी बटणं मला मातकट वाटली होती, ती हिरवी, केशरी, शेंदरी अशी आतून पेटल्यासारखी चमकत होती. तो केशरी मी कुठल्याही कापडावर पाहिलेला नाही. आमच्या लॅबमधल्या पेटीतही तो दिसला नसता. घरात दुसरा कुठलाच उजेड नव्हता म्हणून असेल, किंवा निळा त्यांना आता कुठे मानवू लागला म्हणून असेल. मी बराच वेळ बघत राहिलो. मग शेजारी उषा उभी आहे हे लक्षात आलं, तेव्हा म्हणालो, "जरा भडकच आहे." तिने नुसता माझा हात धरला, आणि अंधारात लगेच सोडलाही, कारण विहीणबाई आत आल्या होत्या.

सुपारी त्याच उजेडात फुटली. ती मात्र कुठल्याही दिव्याखाली सुपारीसारखीच दिसत होती, हे नशीब.

लग्न नंदुरबारला थाटात झालं. मांडवाची रोषणाई कोणत्या रंगाची असावी यासाठी दोन्हीकडच्या मंडळींची बैठक झाली. तिला चंचलबेनलाही व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. मला त्या वेळी चहा सांगायला बाहेर पाठवण्यात आलं. मुलीच्या बापाला काहीतरी मानाचं काम हवं म्हणून आइस्क्रीमच्या टेबलामागे उभं केलं. मांडवात असला काही जांभळट उजेड सोडला होता की पिस्ता, केशर आणि आंबा तिन्ही एकसारखे राखाडी दिसत होते. वऱ्हाडातला एक गृहस्थ वाटी पुढे करून म्हणाला, "अहो, यात पिस्ता कुठला?"

मी तिन्ही भांड्यांकडे पाहिलं. पांडेसऱ्यात माझ्या डोळ्याला मान आहे.

"चाखून बघा," मी म्हणालो.